मधला कट्टा

आमच्या रस्तेखात्यात पायी चालणाऱ्या माणसाला जागा नव्हती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, खात्याचं कामकाजच तसं होतं. रस्ता रुंद करायचा झाला तर आधी आम्ही त्यावरच्या लॉऱ्या मोजायचो, बसगाड्या मोजायचो, बैलगाड्या आणि सायकलीसुद्धा मोजायचो. चालणारी माणसं मोजा, असं मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. ती आपली आपण कडेनं जातील, असं सगळे धरून चालायचे. ओव्हरसियर म्हणून माझी सगळी नोकरी बेळगाव आणि निपाणी या पट्ट्यात झाली. त्या काळात बरेच रस्ते केले, मोऱ्या बांधल्या, ओढ्यांवरचे लहान पूलही केले. पण नोकरीबद्दल काही लिहा म्हटलं की बेळगावातला कॉलेजसमोरचा रस्ताच आधी डोळ्यांपुढे येतो. म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

ओव्हरसियर म्हणजे इंजिनिअर साहेब आणि गँगचे मजूर यांच्या मधला माणूस. साहेब कागदावर रेघ ओढतात, गँग खडी पसरते. कागदावरची रेघ खडीत उतरली की नाही, हे बघायचं काम ओव्हरसियरचं. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवायचा, म्हणजे पाणी गटारीत जातं. डांबराच्या कडेला मुरमाची पट्टी असते, तिला साइडपट्टी म्हणायचं. माणसानं चालायचं ते तिच्यावरून. गंमत अशी, की डांबराचा थर दर काही वर्षांनी वर चढत जातो आणि साइडपट्टी तिथंच राहते. मग कडेला पायरी तयार होते, पावसाळ्यात तिथं चिखल होतो, आणि चालणारा माणूस मुकाट्यानं डांबरावर येतो. मागून हॉर्न वाजला की खाली उतरतो, गाडी गेली की पुन्हा वर येतो. माझी आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायची ती अशीच, हमरस्त्याच्या कडेनं, चढत-उतरत. वडील रस्त्याच्या गँगवर खडी फोडायचे. आमच्या वस्तीतल्या बौद्ध घरांतून डिप्लोमा होऊन बाहेर पडलेला मी पहिला. साहेबांच्या जीपमधून रस्ता बघायला जाताना मला कडेची माणसं आधी दिसायची, यात माझं काही विशेष नाही. मी त्यांच्यातलाच होतो.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा माझ्याकडे बेळगावातून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्याचा शहरातला तुकडा आला. रस्त्याच्या उजव्या हाताला कॉलेजांची आवारं, एकाला लागून दुसरं, आणि विद्यापीठाचे वरचे वर्गही तिथंच भरू लागलेले. डाव्या हाताला वसतिगृहं, खोल्या देणारी घरं, सायकलची दुकानं, आणि कामतांचं हॉटेल. गोव्याकडे जाणाऱ्या लॉऱ्यांचा रस्ता हाच. उसाच्या दिवसांत बैलगाड्या याच रस्त्यानं. पिरनवाडीकडून येणारे कामगार सायकलीवर याच रस्त्यानं. सकाळी कॉलेज भरायच्या वेळेला शहरातून येणारी बस कामतांच्या हॉटेलसमोर थांबायची आणि पन्नासभर मुलं-मुली एकदम खाली उतरायची. कॉलेज समोरच्या बाजूला. बसच्या तोंडापुढूनच सगळे रस्ता ओलांडायला लागायचे.

यात धोका कुठे आहे ते सांगतो. उभी असलेली बस म्हणजे भिंत. तिच्या पुढून निघालेल्या माणसाला मागून येणारी गाडी दिसत नाही, आणि मागून बसला वळसा घालून गाडी पुढे काढणाऱ्या ड्रायव्हरला माणूस दिसत नाही. दोघं एकमेकांना दिसतात ते एकदम शेवटच्या क्षणाला.

सुनंदा अशीच गेली. उचगावची मुलगी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. घरातून कॉलेजात आलेली तीच पहिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज नुकतंच उघडलं होतं. बसमधून उतरली, बसच्या पुढून निघाली, आणि मागून येणाऱ्या लॉरीनं तिला उडवलं. मी त्या वेळी तिथं नव्हतो. दुपारी ऑफिसात कळलं. पोरांनी लॉरीच्या काचा फोडल्या होत्या, ड्रायव्हरला मारलं होतं. संध्याकाळी पोलीस चौकीवर अपघाताच्या जागेच्या नकाशासाठी माहिती घ्यायला गेलो तेव्हा तो ड्रायव्हर बाकावर बसलेला दिसला. दारू प्यालेला नव्हता, लॉरीही जोरात नव्हती. तो मान खाली घालून एकच सांगत होता, की ती मला दिसलीच नाही हो. कोर्टाला एक गुन्हेगार लागतो, तो त्यांना मिळाला. पण आमच्या धंद्यात माणसापेक्षा जागेकडे बघावं लागतं. ती जागाच तशी होती, आणि दुसऱ्या दिवशीही तशीच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी रस्त्यावर बसले. मोठे अधिकारी आले, आश्वासनं दिली, आणि मला मोजमापं घ्यायला पाठवलं.

मी दोन मजुरांना घेऊन टेप लावत होतो. तेव्हा एक माणूस बराच वेळ कडेला उभा राहून बघत होता. धोतर, खमीस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, शेजारी भाजीची रिकामी बुट्टी बांधलेली सायकल. मला वाटलं, मार्केटला भाजी घालून परत चाललेला शेतकरी, गंमत बघतोय. टेप गुंडाळायला लागलो तसा जवळ आला आणि विचारलं, "सायेब, हितं आता काय करनार?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही, वरून मंजुरी येईल मग बघू.

"मी त्या पोरीचा बाप."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. त्यांनीच पुढं विचारलं, की नेमकी कुठं पडली होती. रस्ता धुतलेला होता. मला जागा माहीत होती, नकाशावर तिथं फुली मारलेली होती. मी दाखवली. त्यांनी ती बघितली, मग जिथून लॉरी आली त्या बाजूला बघितलं, मग बस थांबते तिकडं बघितलं. मी शब्दानंही न सांगता त्यांनी सगळं ताडलं होतं. मग सायकल घेऊन गेले.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. नाव मारुती, पण गावात सगळे आप्पा म्हणत, आम्हीही आप्पाच म्हणू लागलो. पहाटे उचगावहून भाजी घेऊन मार्केटला यायचं, माल उतरवायचा, आणि कॉलेज भरायच्या वेळेला कामतांच्या हॉटेलसमोर येऊन उभं राहायचं. बस आली की डोक्याचा टॉवेल सोडायचा, दोन्ही हातांत आडवा धरायचा आणि रस्त्याच्या मध्ये जाऊन मागून येणाऱ्या गाड्यांसमोर उभं राहायचं. मुलं पलीकडे गेली की टॉवेल पुन्हा डोक्याला. तोंडानं काही बोलत नसत. पहिले काही दिवस ड्रायव्हर शिव्या द्यायचे. मुलं हसायची. एका मोटारवाल्यानं तर टॉवेलला गाडी घासून नेली. मग कोणीतरी सांगितलं की हे कोण आहेत, आणि हसणं बंद झालं.

ट्रॅफिकच्या फौजदारांनी त्यांना एकदा हटकलं. सामान्य माणसानं गाड्या अडवणं कायद्यात बसत नाही, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा मानूस उभा करा सायेब. मी जातो." फौजदारांकडे माणूस नव्हता. अख्ख्या शहराला मोजके पोलीस. ते निघून गेले, आणि पुन्हा हटकायला आले नाहीत.

माझा रोजचा फेरा त्याच रस्त्यानं असायचा, त्यामुळे ओळख वाढली. एकदा उन्हात गँगचं काम चाललेलं, मी झाडाखाली बसलेलो. आप्पांनी आपली भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मी कुठला ते विचारलं. निपाणीचा म्हटलं. आडनाव त्यांनी विचारलं नाही. मीच आपणहून सांगितलं, आणि कुठल्या वस्तीतला तेही. आमच्या भागात हे सांगून टाकलेलं बरं असतं, म्हणजे पुढं कुणाचा हात आखडत नाही. आप्पांचा हात तसाच पुढे होता. म्हणाले, "खावा. झुनका तिकाट हाय जरा." त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणायचे बंद झाले, कांबळे म्हणू लागले.

मी खात्यापुढे जे मांडलं ते फार अवघड नव्हतं. पहिलं, बसथांबा कॉलेजच्या फाटकाच्या पुढं न्यायचा. म्हणजे उतरलेली माणसं मागं चालत येऊन बसच्या पाठीमागून रस्ता ओलांडतील आणि मागून येणाऱ्या गाडीला ती लांबून दिसतील. दुसरं, कडेला उंच फूटपाथ. आणि तिसरं, रस्त्याच्या मधोमध दगडी कट्टा, माणसं उभी राहतील एवढा. रस्ता ओलांडताना माणसाला दोन्हीकडे एकदम बघावं लागतं, आणि दोन्हीकडे एकदम कुणालाच बघता येत नाही. मध्ये थांबायला जागा मिळाली तर आधी एका बाजूला बघायचं, मध्यापर्यंत यायचं, श्वास घ्यायचा, मग दुसऱ्या बाजूला बघायचं. म्हातारं माणूससुद्धा जाऊ शकतं.

पण तो रस्ता वरच्या दर्जाचा. त्याच्यावर मध्येच काही बांधायचं म्हणजे अडथळा, आणि अडथळ्याला वरून परवानगी लागते. माझे कागद धारवाडला गेले, शंका लावून परत आले. उत्तर दिलं, बंगळूरला गेले. तिकडून काहीच आलं नाही. मधल्या काळात आम्हाला पांढरे पट्टे मारायची परवानगी मिळाली. मारले. पण त्या काळच्या रंगात दम नव्हता, आणि उसाच्या गाड्यांच्या लोखंडी धावांखाली पट्टे महिनाभरात खरवडून गेले. पाटीची तर वेगळीच तऱ्हा. ‘सावकाश जा’ अशी कानडीत पाटी लावली, तिला कुणीतरी डांबर फासलं. मराठीत लावली, तिलाही फासलं. सीमेवरच्या गावात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. शेवटी मी पेंटरकडून दफ्तर घेतलेल्या दोन मुलांचं चित्र काढून घेतलं, त्यावर कुठल्याच भाषेतलं अक्षर ठेवलं नाही. ती पाटी मी बदली होऊन जाईपर्यंत शाबूत होती. एवढ्या नोकरीत मला सुचलेली ही एक शहाणपणाची गोष्ट.

थांबा हलवायचं तेवढं सोपं होतं, त्याला बंगळूरची परवानगी नको होती. पण कामत आडवे आले. हॉटेल त्यांनी थांब्याच्या भरवशावरच घातलं होतं. बस येईपर्यंत मुलं चहा घ्यायची, पुरी-भाजी खायची. थांबा पुढं गेला की गिऱ्हाईक गेलं. भला माणूस, अपघाताच्या दिवशी सुनंदाला उचलून आत घेणारे, तोंडात पाणी घालणारे हेच होते. पण थांबा हलवायचं नाव निघालं की नगरसेवकांकडे जायचे, आणि थांबा आहे तिथंच राहायचा. आप्पा त्यांच्या दारासमोर रोज उभे असायचे. कामत त्यांना रोज चहा पाठवायचे, आप्पा रोज घ्यायचे. दोघांत त्या विषयावर एक शब्दही झालेला मी ऐकला नाही.

अशी दोन वर्षं गेली. मुलांचा धीर सुटला. एका रविवारी त्यांनी रिकाम्या प्लॉटमधून दगड-माती आणून रस्त्यावर आपल्या हातानं आडवा उंचवटा केला. आता स्पीडब्रेकर म्हटला की कुणालाही वाटतं, मातीचा ढीग. तसं नसतं. त्याला चढ हळू लागतो, उतार हळू लागतो, आणि तो लांबून दिसायला लागतो. मुलांनी केलेला उंचवटा उभट होता आणि रस्त्याच्याच रंगाचा. सोमवारी सकाळी कॉलेजचेच एक प्राध्यापक स्कूटरवरून येत होते. अपघातानंतर विद्यार्थी रस्त्यावर बसले तेव्हा मुलांच्या बाजूनं बोलणारे तेच. स्कूटर उडाली, ते लांब जाऊन आपटले. मांडीचं हाड मोडलं.

मी पोचलो तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलेलं होतं. आप्पा रस्त्यात बसून हातांनी दगड उपसत होते. भोवती मुलं उभी. एकजण पुढं होऊन म्हणाला, आप्पा, हे तुमच्या सुनंदासाठीच केलं होतं. आप्पांनी मान वर केली. त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकदाच ऐकला.

"तिच्यासाठी दुसऱ्याचं मानूस पाडू नका. तिचं नाव घ्यून हे आसलं करायचं न्हाय."

मग तीच मुलं खाली बसली आणि दगड उचलू लागली. प्राध्यापक पुढं कॉलेजात परत आले, पण पाय अधू राहिला. वर्गात खुर्चीवर बसून शिकवायचे.

त्या आठवड्यात हिरेमठ साहेब आले. आमचे नवे कार्यकारी अभियंता, हुबळीकडचे, अबोल माणूस. मराठी त्यांना समजायचं, बोलायचे मात्र कानडीच. आदल्या साहेबांप्रमाणे हेही फाईल बघून पुढं ढकलतील असंच मला वाटत होतं. पण एका सकाळी ते जीप लांब उभी करून चालत आले आणि आप्पांच्या शेजारी उभे राहिले. मी आहे याची दखलही घेतली नाही. बस आली. आप्पा टॉवेल धरून मध्ये गेले. साहेब कडेलाच उभे राहिले. मुलं गेली, आप्पा परत आले. साहेबांनी कानडीत विचारलं, किती दिवस करताय हे. आप्पांनी कानडीतच सांगितलं, की पोरगी गेली तेव्हापासून. साहेबांनी विचारलं, कधीपर्यंत करणार.

आप्पा माझ्याकडे बोट करून कानडीतच म्हणाले, "यांचं काम होईपर्यंत."

साहेब मान हलवून जीपकडे चालत गेले. संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, नवीन बांधकाम म्हणून मागितलं तर आपण दोघं निवृत्त होईपर्यंत येणार नाही. रस्त्याची दुरुस्ती म्हणून करू. दुरुस्ती माझ्या अधिकारात आहे. कुणी विचारलं तर सही माझी आहे. मी म्हटलं, साहेब, वरून ठपका येईल. ते म्हणाले, येऊ दे. पुढं तो आलाही. त्यांची बढती अडकली, असं मी ऐकलं. त्यांनी मात्र स्वतःहून कधी त्याचा उल्लेख केला नाही.

थांब्याचं कामही त्यांनीच लावून धरलं, पण कामत त्याआधीच नरमले होते. त्या प्राध्यापकांना उचलायलाही तेच धावले होते. मी त्यांना सांगायला गेलो की आता थांबा पुढं जाणार. ते गल्ल्यामागून उठले, बाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "न्या. दोघांना मी या हातांनी उचललंय. तिसरा नको." मग म्हणाले, "पण माझं हॉटेल जाणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे." मला ठाऊक होतं. थांबा हलला. वर्षभरात हॉटेलची दारं बंद झाली आणि कामत कुटुंब घेऊन कारवारकडे गेले. रस्ता सुरक्षित करायचा म्हणजे कुणाचं तरी काहीतरी जातं, आणि आमच्या हिशेबात ते कुठेच धरलेलं नसतं. ही रुखरुख माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

कट्टा बांधायला आमच्या गँगला फार दिवस लागले नाहीत. काळा दगड, सिमेंटचे सांधे, दोन्ही टोकं गोलाकार, कडांना चुना. लांबून दिसावा म्हणून टोकाला लाल-पांढरे पट्टे मारलेले लोखंडी नळे. माणसाला चढायला सोपी आणि गाडीच्या चाकाला चढायला अवघड, एवढीच उंची ठेवायची असते. ती साधेपर्यंत मी एक थर उखडून पुन्हा बसवायला लावला. गँगमधल्या बायका कुरकुरल्या. यल्लव्वा म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्या म्हणाल्या, "त्यांची पोरगी गेल्या हितं. नीट बसवू दे की." त्यावर कुरकुर थांबली. आप्पा काम चालू असताना रोज यायचे, टॉवेल धरायचे, आणि दुपारी जाताना गँगला भाजीची जुडी द्यायचे. दगडाला हात मात्र त्यांनी लावला नाही.

पहिल्याच आठवड्यात एक लॉरी कट्ट्यावर आदळली. टोकाचा नळा वाकला, दोन दगड निखळले. त्या वेळी कट्ट्यावर चार मुली उभ्या होत्या. चौघींनाही काही झालं नाही. ऑफिसात कुणी म्हणालं, बघा, अडथळा केला म्हणून अपघात झाला. हिरेमठ साहेबांनी मला दगड परत बसवायला सांगितलं.

उद्घाटन व्हावं अशी विद्यार्थ्यांची इच्छा होती. आप्पांच्या हातून फीत कापायची होती. आप्पा नको म्हणाले. त्यानंतरही काही दिवस ते येत राहिले, पण टॉवेल डोक्यालाच असायचा. मुलं थांब्यावर उतरायची, मागं चालत यायची, बसच्या पाठीमागून मध्यापर्यंत जायची, कट्ट्यावर थांबायची, मग पलीकडे. आप्पा कडेला उभे राहून बघायचे. काही मुलं हात करायची. मग एक दिवस ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी समजलो.

मला वाटलं, आता त्यांची भेट होणार नाही. पण पुढल्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, मी थांब्याजवळ गटारीचं काम बघत होतो तेव्हा बसमधून आप्पा उतरले. सोबत त्यांची बायको. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. सुनंदा गेल्यापासून त्या बेळगावला आलेल्याच नव्हत्या. बाजाराला यायचं झालं तरी आप्पांनाच पाठवायच्या. आप्पा रोज कुठं जातात हे त्यांना माहीत होतं, पण ती जागा त्यांनी पाहिलेली नव्हती.

मी पुढं होऊन नमस्कार केला. आप्पांनी बायकोला सांगितलं, "हे कांबळे. हेंनीच केलं." त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग आम्ही तिघं मागं चालत आलो. बस निघून गेली होती. आप्पांनी त्यांना एका बाजूला बघायला सांगितलं, गाडी नव्हती, तसे आम्ही मध्यापर्यंत आलो आणि कट्ट्यावर चढलो.

तिथं त्या थांबल्या. दोन्ही बाजूंनी वाहनं जात होती. उसाची गाडी गेली, सायकली गेल्या, गोव्याकडची एक लॉरी धूळ उडवत गेली. कट्ट्यावर काही झालं नाही, लुगड्याचा पदर तेवढा हलला. त्या पायाखाली बघत होत्या. मग खाली वाकल्या आणि दगडावरून हात फिरवला, सांध्यावरून, कडेवरून. सुनंदा पडली ती जागा आप्पांनी त्यांना दाखवली नव्हती. त्यांनी विचारलीही नाही. कट्ट्याची लांबी त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं बघितली, आणि मला म्हणाल्या,

"रोज जात्यात, दोन वर्सं झाली, तिसरं लागलं, तरी काम व्हईना म्हंत्यात. मला वाटलं, लई मोठं कायतरी बांधायचं आसंल."

त्यांनी पुन्हा एकदा कट्ट्याकडे बघितलं.

"एवढंच व्हतं व्हय, दादा?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही उत्तर देता आलं असतं. परवानगी, धारवाड, बंगळूर, सगळं सांगता आलं असतं. त्यांनी फक्त विचारलं होतं. मी आप्पांकडे बघितलं. ते दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांकडे बघत होते.

रस्ता मोकळा झाला. आप्पांनी बायकोचा हात धरला, आणि ती दोघं पलीकडे गेली.